दारातून माघारी

अनसाक्काची तक्रार एकच होती, आणि आठ महिन्यांत ती तिनं कुसरवाडीतल्या एकूणएक उंबऱ्यावर जाऊन ऐकवली होती. भूकंपात सून गुऱ्हाळातून पळाली ती पळाली. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण पळताना नवऱ्याला एक हाक मारायला तिची जीभ काय झडली होती?

"दारात हुता माझा इंद्रजीत," ती सांगायची. "तोलकाट्यापाशी. दोन पावलं टाकली की भाईर. आन घावला कुठं? पार आत, चुलाणापाशी! कशापायी गेला आसंल आत? हिला हुडकाया. आन ही बया घाण्याच्या दारानं कवाच उसात पोचल्याली. ना हाक ना बोंब. त्यो हुडकत ऱ्हायला, आन वरनं धुराडं आलं."

ऐकणाऱ्या बाया चुकचुकत. कधी कधी प्रणाली तिथंच असायची, दळणाचा डबा नाहीतर दुधाची किटली हातात घेऊन. ती मान खाली घालून ऐकायची आणि चालू लागायची. हे गप्प राहणंच अनसाक्काला पुरावा वाटायचं. बी.एस्सी. झालेली, कराडच्या मास्तराची लेक. मळी काढायला भेंडीचा रस काहिलीत किती टाकायचा यावरून सासूशी दोन-दोन दिवस वाद घालणारी. ती खोटा आळ मुकाट्यानं ऐकून घेईल? खरं होतं म्हणूनच ऐकत होती.

पोटी मूलबाळ नव्हतं. नवरा गेला. आता ह्या घरात तिचं काय अडलंय, असं अनसाक्का गावात विचारायची. घरात मात्र विचारत नव्हती. घरात विचारलं असतं तर सून कदाचित गेली असती.

मग एके सकाळी प्रणालीनं एक कागद आणून चुलीपुढं ठेवला.

"आत्ती, ह्याच्यावर सही लागती तुमची."

"कसला हाय?"

"भूश्रवण केंद्राचा. यांच्या मनगटावरच्या पट्टीतला आवाज पुसून टाकायचा अर्ज हाय. बायको आन आई, दोघींची सही लागती."

अनसाक्काच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली. दुसरीतून शाळा सुटली होती, पण अंगठा तिनं जन्मात कधी लावला नव्हता. 'अनसुया' ही चार अक्षरं ती बांध घातल्यासारखी एकाला एक जोडून काढायची. ती चार अक्षरं आता ह्या बाईला हवी होती. पोराचा शेवटचा आवाज पुसायला.

"कशापायी पुसायचा?"

"ठेवून काय करायचं?"

"मी इचारलं, कशापायी?"

प्रणालीनं कागद चुलीच्या धगीपासून जरा मागं ओढला. अनसाक्कानं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "सोमवारी जाऊ. मी ऐकणार, आन मग बगू सहीचं. काय हाय त्यात, ते कळू दे समद्यांस्नी. आन माझं खरं निघालं, तर कराडासनं माघारी यायचं न्हाई. बापाच्या घरला जायचं."

"आत्ती, नका ऐकू," प्रणाली म्हणाली. एवढंच. पण ते तिनं अशा सुरात म्हटलं की अनसाक्काला वाटलं, सापडली चोरी.

*

भूकंप झाला तेव्हा पट्ट्या गावात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि आणण्यात पुढाकार होता तो प्रणालीचाच.

भूकंप कधी एकटा येत नाही. जमिनीच्या पोटात खडक तुटला की दोन लाटा निघतात. पहिली चपळ आणि हलकी. ती भांडी किणकिणवते, कुत्र्यांना बेचैन करते, आणि निघून जाते. दुसरी तिच्या मागून सावकाश येते, जमिनीला आडवी हिसडत, आणि घरं पाडते ती ही. दोघींमधलं अंतर काही सेकंदांचं. जितके तुम्ही लांब, तितके सेकंद जास्त. हे माणसाला फार वर्षांपासून ठाऊक होतं; पण पहिली लाट ओळखायला जागोजागी महागडी यंत्रं बसवावी लागत, आणि डोंगरदऱ्यांत ती कोण बसवणार?

मग लक्षात आलं की यंत्र आधीच पुरलेलं आहे. इंटरनेटसाठी गावोगाव रस्त्याकडेनं काचेच्या तारा गेल्या होत्या. केसाएवढ्या काचेतून प्रकाशाचा झोत सोडला की त्यातला कणभर वाटेतल्या बारीक दोषांना अडून उलटा फिरतो. जमीन हलून तार जराशी जरी ताणली, तरी उलट येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे जिथवर तार, तिथवर कान. दुसरी लाट खडकातून सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटर चालते, आणि तारेतला निरोप डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो. चाळीस किलोमीटरवर खडक तुटला, तर ओळखण्यात जाणारे दोन-तीन सेकंद वजा करूनही कुसरवाडीला नऊ सेकंद आधी कळणार.

प्रणालीनं हे सासूला गुऱ्हाळाच्या अंगणात बसून समजावलं होतं. अनसाक्कानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "म्हंजे वरातीच्या म्होरं वाजंत्री."

"अगदी बरोबर, आत्ती!"

"मग वाजंत्री ऐकून पळाया मी काय कुणाची नवरी पळवून आणल्याली हाय व्हय?"

इंद्रजीत पोट धरून हसला होता. पण त्यानं पट्ट्या घेतल्या. जिथं चूल पेटते, भट्टी चालते, तिथं प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी हवी, असा नियमच आला होता. पट्टी नुसती ओरडायची नाही. कोण कुठं उभा आहे, त्याचे पाय किती चालतात, कुठलं दार जवळ, याचा हिशेब करून ती ज्याला त्याला सांगायची: डावीकडे, चार पावलं, बाहेर. आणि शहाण्यांनी त्यात एक गोष्ट आणखी घातली होती. पूर्वीच्या भूकंपांत कितीतरी माणसं बाहेर पडून पुन्हा आत गेली आणि मेली. ज्यांना शोधायला गेली, ती मागच्या दारानं आधीच सुटलेली असायची. म्हणून एका घरातल्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या होत्या. तुझी बायको बाहेर आहे, तुझा बाप बाहेर आहे, तू नीघ, एवढं पट्टीनं सांगितलं की माणूस माघारी फिरत नाही. याला 'घरजोड' म्हणत. घरजोडीनं पुढं शेकड्यांनी जीव वाचवले, हेही खरंच.

पण त्या नऊ सेकंदांतलं आणि त्याआधीच्या काही क्षणांतलं सगळं पट्टी जपूनही ठेवायची. बोललेलं, धावलेलं, कुठल्या दिशेनं ते. यंत्राला शिकायला लागतं म्हणून. आणि ज्याचं त्याला, मेलेल्याचं वारसाला, मागितलं तर ऐकायला मिळायचं. भूकंपानं कुसरवाडीत सात घरं पाडली. त्यानंतर तीन घरं ह्या ऐकण्यानं मोडली. आनंदा शिंत्रेच्या पट्टीत त्याच्या तोंडी जे बाईचं नाव आलं, ते त्याच्या बायकोचं नव्हतं. पोपट माळी बापाच्या बाजेवरून उडी मारून, बापाला तिथंच टाकून पळाला, ते बाप जिता राहिला म्हणून बापानंच आपल्या पट्टीत ऐकलं. माणसाचं एवढं खरं माणसाला झेपत नाही.

अनसाक्कानं त्या वेळी इंद्रजीतचं ऐकायला साफ नकार दिला होता. "यंत्रातलं पोर मला नगं," म्हणाली होती.

*

भूकंपाच्या दिवशी दुपारी तिसरं आदण लागलं होतं, रसाची तिसरी काहील चुलाणावर होती.

गुऱ्हाळ म्हणजे अनसाक्काचं राज्य. पंचवीस वर्षांमागं नवरा गेल्यावर पुरुष गुळव्यांनी तिला हसून घेतलं होतं: बाईमाणसाला काहील कळायची नाही. तिनं ती अशी ओळखून घेतली की कराडच्या पेठेत 'आक्काचा गूळ' म्हणून ढेपा वेगळ्या मांडत. उकळत्या रसाचा रंग फिरला, बुडबुडे जड झाले, की ती पाण्यात बुचकळलेली दोन बोटं काहिलीत घालायची, पाक चिमटीत उचलायची आणि गार पाण्यात त्याची गोळी वळायची. गोळी दगडावर मारली आणि टणकन वाजली, की म्हणायची, "उतरवा." बस्स. तिच्या शब्दावाचून काहील हलत नसे.

आणि हाच घोटाळा झाला होता. ती काहिलीवर वाकली की मनगटावरची पट्टी वाफ लागून बोलायची: "उष्णता जास्त. मागे सरका." सगळ्या गड्यांच्या देखत! अनसाक्काला तिच्याच काहिलीपासून मागे सर, म्हणणारं हे कोण? दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं पट्टी काढली. पण पट्टी घरी ठेवली तर तपासनीस येऊन गुऱ्हाळ बंद करणार. सूनही डोकं खाणार. चुलाणाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला म्हसोबा होता, हंगामाचा पहिला जाळ लावण्याआधी ज्याला नारळ फुटायचा. तिनं पट्टी त्याच्या कमरेला गुंडाळली आणि वरून झेंडूची माळ सोडली.

"घे बाबा. तुला बी पळायचं न्हाई, मला बी न्हाई."

रोज सकाळी यायची, पदराआड पट्टी काढायची, देवाला बांधायची. संध्याकाळी परत मनगटावर. पट्टीला नाडी कळत नसे. बॅटरी पुरावी म्हणून ती फक्त अंगाची ऊब बघायची. चुलाणाशेजारचा दगड दिवसभर माणसाइतकाच उबदार असायचा.

तर तिसरं आदण लागलेलं. घाणा घरघरतोय, जाळव्या चिपाडं चुलाणात कोंबतोय, प्रणाली गूळ ओतायच्या वाफ्यापाशी कापडं पसरतेय, इंद्रजीत दारात ढेपा तोलतोय. तेवढ्यात अनसाक्काची नजर घाण्याकडच्या मोळीवर गेली. ऊस चिखलानं बरबटलेला, शेंड्याचे वाढे तसेच. तिच्या मस्तकात तिडीक गेली. गोळी घ्यायला अजून अवकाश होता. ती कुणाला काही न सांगता घाण्याच्या बाजूनं बाहेर पडली आणि तरातरा फडात गेली.

"आरं यशवंता, ऊस तोडतुयास का रताळी उपसतुयास?" तिनं तोडणाऱ्याला गाठलं. "ही माती कुणी खायची? तुझ्या सासऱ्यानं?"

यशवंता काही म्हणणार, तोच त्याच्या मनगटातून चिरका आवाज निघाला आणि तो कोयता टाकून मोकळ्या रानाकडं धावला. अनसाक्काला आधी राग आला. आपण बोलत असताना हा पळतो! मग तिनं वळून गुऱ्हाळाकडं पाहिलं. घाण्याच्या घरघरीपुढं तिथलं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. गडी वारुळातून मुंग्या निघाव्यात तसे बाहेर पडत होते. घाण्याच्या दारातून प्रणाली आली. दोघींची नजरानजर झाली. सुनेच्या तोंडावर जे भय होतं ते अनसाक्काच्या डोळ्यांत कायमचं बसलं.

वारा नव्हता, तरी सगळा ऊस एका अंगाला वाकला.

धक्के ह्या मुलखाला नवे नव्हते. धरणाकडून यायचे, गुरगुरायचे, जायचे. हा उलट्या अंगानं, दक्षिणेच्या डोंगरातून आला. जमिनीनं अनसाक्काला गोणत्यासारखं उचलून आपटलं. तोंड मातीत, हातात उसाचं पाचट. कानांत दळल्यासारखा आवाज. तिनं मान उचलली तेव्हा धुराडं, सासऱ्यानं बांधलेलं विटांचं उंच धुराडं, कंबरेतून वाकून छपरात डोकावत होतं. मग ते आत गेलं.

आणि जळक्या गुळाचा वास. तो पुढं कित्येक दिवस गावात राहिला. काहील उलटून रस चुलाणात गेला होता.

प्रणालीनं उघड्या हातांनी गरम विटा उपसल्या, तळवे सोलवटून निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच होती, हातांना फडकी गुंडाळून, काय हुडकत होती कोण जाणे. अनसाक्का बांधावर बसून बघत होती. "आता उपसून काय उपेग," असं ती तेव्हा पहिल्यांदा बोलली.

*

भूश्रवण केंद्राचं कराडचं कार्यालय म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. आत तांबोळी नावाचे साहेब होते, चाळिशीचे, मवाळ बोलणारे. रोज अशी माणसं येऊन त्यांचा आवाजच तसा झाला असावा.

"आजी, पुन्हा एकदा विचार करा," ते म्हणाले. "ऐकलेलं परत न ऐकलेलं करता येत नाही."

"साहेब, मी उकळत्या काहिलीत बोटं घालती. लावा."

प्रणाली भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. तिनं पदराचं टोक दोन्ही मुठींत धरलं होतं. अनसाक्कानं तिच्याकडं पाहिलं आणि मनात म्हणाली, बघ आता.

तांबोळींनी यंत्र सुरू केलं.

आधी घाण्याची घरघर. लोखंडी काट्याचा खण्ण आवाज. आणि मग इंद्रजीत, जसा होता तसा, सर्दीनं जरा बसलेल्या आवाजात कुणाला तरी सांगत होता: "आरं, आईला च्या द्या आदी. न्हाईतर काहिलीच्या आदी तीच उकळंल."

कुणीतरी हसलं. अनसाक्काच्या ओठांनाही आपोआप ओळखीचं हसू आलं आणि तिथंच अडकलं.

भोंगा वाजला. मग बाईचा एक स्वच्छ, सपाट आवाज.

"नऊ. इंद्रजीत, दार समोर. दोन पावलं. बाहेर."

धाप. पावलं. घाण्याची घरघर जरा लांब गेली. तो बाहेर आला होता. तो बाहेर होता. अनसाक्का खुर्चीत पुढं सरकली.

"सात. प्रणाली बाहेर."

"आन आई?"

"अनसूया आत. चुलाणाजवळ. हालचाल नाही."

"आई!"

घरघर परत जवळ आली.

"पाच. मागे फिरा. वेळ पुरत नाही. मागे फिरा."

"आई, ऊठ! आई!"

"चार. मागे फिरा."

आणि मग लांबून, घाण्याच्या पलीकडून, घसा फाडून ओरडलेला बाईचा आवाज: "आवो! आत्ती भाईर हायत! उसात हायत, म्या बघितल्या! माघारी फिरा! आवो, आत कुणी न्हाई!"

घाणा तिच्या शब्दांवरून फिरत राहिला. माणूस फिरत नाही म्हणताना पट्टी आतली वाटच सांगू लागली.

"अनसूया, चुलाणाजवळ. तीन पावलं."

"आई, कुठं हायस? दिसंना गं..."

तांबोळींनी हात पुढं करून ते बंद केलं. पुढचं त्यांना माहीत होतं.

खोलीत पंखा फिरत होता. तांबोळी पडद्यावरच्या रेघा निरखू लागले, निदान कुठंतरी बघायचं म्हणून. "हे मलाही उलगडलं नव्हतं," ते हळू म्हणाले. "आजी, तुम्ही उसात होता. पण तुमची पट्टी तर सकाळपासून त्याच जागी दिसतेय. ऊब आहे, हालचाल नाही. म्हणून यंत्राला वाटलं..."

"म्हसोबाला बांधल्याली," अनसाक्का म्हणाली.

"काय?"

"पट्टी. म्यां. चुलाणाच्या म्हसोबाला." तिचा आवाज चढला, कोणी तिला अडवत असल्यासारखा. "लिवून घ्या. अनसुया मोहितेनं सोताच्या हातानं बांधली. रोज बांधायची."

तांबोळींनी काहीच लिहिलं नाही. ते उठले, दोन पेल्यांत पाणी आणून ठेवलं आणि दार ओढून बाहेर गेले.

*

व्हरांड्यातल्या बाकावर दोघी किती वेळ बसल्या, ते कुणी मोजलं नाही. समोरच्या रस्त्यावरून विजेच्या बसगाड्या आवाज न करता जात होत्या. अर्ज दोघींच्या मध्ये पडला होता, त्यावर प्रणालीची सही, खाली एक रिकामी रेघ.

अनसाक्का आपल्या उजव्या हाताच्या दोन बोटांकडं बघत होती. पाकानं भाजून भाजून त्यांची कातडी गुळगुळीत झाली होती. त्या बोटांना आता काही लागत नसे.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली.

"होय."

"कवापासनं?"

"दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यावर गेले तेव्हा. माझ्या पट्टीत पण आलं होतं, सासूबाई आत म्हणून. आन मी तर तुम्हाला डोळ्यांनी बघितलं होतं उसात. मला कळंना यंत्र असं का बोललं. म्हणून विटा काढत गेले." प्रणाली थांबली. "माळंसकट होती. बांधलेली."

"कुठाय?"

"नदीत टाकली."

अनसाक्कानं मान हलवली. एक शेंगदाणेवाला आला, दोघींची तोंडं बघून न ओरडताच पुढं गेला.

"आठ म्हयनं," ती शेवटी म्हणाली. "आठ म्हयनं मी दारोदार तुझी अब्रू घालवत हिंडली. तू बाजूला हुबी. एक शबुद न्हाई. तोंड शिवल्यालं तुझं?"

"काय बोलणार होते?"

"जे हाय त्ये!"

"आन मग?" प्रणालीचा आवाज पहिल्यांदा वर गेला, गुऱ्हाळात भेंडीच्या रसावरून जायचा तसा. "तुम्ही सकाळी उठत होता, ते मला शिव्या द्यायला उठत होता. चार घास खात होता, गावभर फिरायला बळ पायजे म्हणून खात होता. माझ्यावर चिडून जगत होता, आत्ती. मी म्हटलं, जगू दे. हे कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी उठला नसता. मग त्या घरात मी कुणाशी भांडायचं?"

अनसाक्कानं तिच्याकडं पाहिलं. सुनेच्या तळव्यांवर नव्या कातडीचे गुलाबी पट्टे होते. आठ महिने त्याच हातांनी वाढलेलं ती जेवली होती. डोळे कोरडेच होते. रडायला जे लागतं ते आठ महिन्यांत तिनं दुसऱ्याच वाटेला सांडून टाकलं होतं, आणि खरं रडायची वेळ आता आली होती.

"त्यो भाईर आल्याला," ती पुटपुटली. "भाईर आल्याला गं त्यो."

"होय, आत्ती."

"मला हुडकाया गेला."

"होय."

"आन मी समजत हुती, तुला."

प्रणालीनं हात पुढं केला. अनसाक्कानं तो धरला नाही, झटकलाही नाही. तिनं अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि सही न करता कंबरेच्या पिशवीत कोंबला. मग पदर नीट डोक्यावर घेतला, पाठ ताठ केली, पंचायतीत बोलायला उठल्यासारखी, आणि सुनेच्या डोळ्यांत डोळे घालून, रस्त्यानं जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"ऐक, प्रणाली. तू नवऱ्याला टाकून पळाली न्हाईस, हाक बी मारलीस. हे उद्या मी ज्या ज्या उंबऱ्यावर खोटं बोलली, त्या त्या उंबऱ्यावर जाऊन सांगनार, माझ्या तोंडानं. त्यात तुझा कायबी दोष न्हाई. पर दुसरा हाय, आन त्यो मी सोडनार न्हाई. माझ्या पोराच्या मरणाचं वझं माझं हुतं. त्ये तू मला न इचारता उचललंस, आन आठ म्हयनं लपवून वागवलंस. दुसऱ्याचं न इचारता उचललं की त्येला चोरी म्हनत्यात. चोर हायेस तू, सूनबाई. दे माझं मला."